काठी, वाव आणि तिवराचं पान

कोकणातल्या आचऱ्याच्या खाडीकाठी वाढलेल्या मुलाला भरती-ओहोटी शिकवायची म्हणजे नेमकं काय शिकवायचं? त्याला ती ठाऊकच असते. होडी कधी लोटायची, कालवं काढायला कधी उतरायचं, कुठल्या वेळी पलीकडे चालत जाता येतं आणि कधी नाही, हे तो पाय फुटल्यापासून बघत आलेला असतो. ओहोटीला तो घरी 'सुकती' म्हणतो. हाच मुलगा परीक्षेत 'भरती-ओहोटी का होते?' या प्रश्नाला 'चंद्राच्या आकर्षणामुळे' असं लिहितो आणि पूर्ण गुण घेतो. पण त्याला जवळ बसवून विचारा, चंद्र पाणी ओढतो तर दिवसातून दोनदा भरती कशी? तो गप्प होतो. सुकती त्याच्या पायांना माहीत आहे आणि ओहोटी वहीत आहे. दोन्ही एकाच डोक्यात शेजारी राहतात, पण त्यांचं एकमेकींकडे जाणंयेणं नाही.

या किनाऱ्यावर मी बरीच वर्षं शिकवलं. हे जाणंयेणं सुरू कसं करायचं, एवढाच प्रश्न मला त्या काळात महत्त्वाचा वाटत आला. हाताने, डोळ्यांनी, जिभेने शिकवणं म्हणजे काय, हे एका धड्याच्या आधारानेच सांगतो, कारण ही गोष्ट सर्वसाधारण बोलून कळत नाही.

धडा असा. चिवारीची तीन मीटरची सरळ काठी घ्यायची. तिच्यावर दर दहा सेंटिमीटरला आलटूनपालटून लाल आणि पांढरे पट्टे रंगवायचे, तेही मुलांनीच. पट्टे जाड हवेत, कारण ते काठावरून वाचायचे आहेत. काठी समुद्राच्या उघड्या पुळणीवर रोवायची नाही. तिथे लाट येते-जाते आणि पाणी नेमकं कुठे आहे हे सांगता येत नाही. खाडीच्या आत, जिथे पाणी संथ चढतं, तिथे पूर्ण सुकतीला मोठ्या माणसाने उतरून ती घट्ट रोवायची. आपल्याकडे मोठ्या उधाणाला पाण्याच्या चढउतारात साधारण दोन मीटरचा फरक पडतो, म्हणून तीन मीटरची काठी पुरते.

दिवस निवडताना कालनिर्णय बघायचं. चतुर्थी-पंचमीच्या सुमारास आपल्या किनाऱ्यावर सकाळी नऊच्या आगेमागे सुकती असते आणि दुपारी तीनच्या आसपास भरती पूर्ण होते. शाळेच्या वेळेत पाण्याचा पूर्ण चढ बघायला मिळतो तो या दिवसांत.

आता सगळ्यात महत्त्वाची पायरी. काठी रोवली की लगेच मोजायला बसायचं नाही, आधी विचारायचं: 'पाणी सहा तासांत चढणार. दर तासाला सारखंच चढेल, की आधी भरभर आणि मग हळू, की आधी हळू आणि मग भरभर?' वाळूत तीन चौकोन काढायचे आणि प्रत्येक मुलाने आपल्याला पटेल त्या चौकोनात एक शिंपला ठेवायचा. हात वर करायला सांगितलं तर मुलं हुशार मुलाकडे बघून हात वर करतात. शिंपला ठेवायला मात्र स्वतः उठून जावं लागतं. बहुतेक शिंपले 'सारखंच' या चौकोनात पडतात. खाडीवर वाढलेल्या मुलांचेसुद्धा. कारण पाणी त्यांनी रोज पाहिलेलं असतं, मोजलेलं नसतं.

मग दर अर्ध्या तासाला एक जण पट्टे वाचतो, एक घड्याळ बघतो, एक लिहितो. वाचणारा दर वेळी बदलायचा. पहिल्या तासात मुलं कंटाळतात. पाणी जेमतेम दीड पट्टा चढलेलं असतं. 'बाई, ह्या हालनाच नाय,' असं कुणीतरी म्हणतंच. बाईंनी घाई करायची नाही, कारण हा कंटाळाही धड्यातलाच आहे. तिसऱ्या तासाला तेच पाणी बघता बघता चार-साडेचार पट्टे गिळतं आणि सगळी मुलं काठावर उभी राहतात. पाचव्या तासाला पुन्हा मंदावतं.

आकडे वहीत आले की आलेख काढायचा, पण कागदावर लगेच नाही. माडाच्या झावळीचे हीर घ्यायचे. जितके पट्टे, तितके सेंटिमीटर मोजून, रोवण्यापुरता थोडा जादा ठेवून हीर कापायचा. ओल्या वाळूत एक सरळ रेघ मारायची आणि सारख्या अंतरावर हे हीर ओळीने असे रोवायचे, की प्रत्येकाचा मोजलेला भाग वर राहील. मग डोळे मिटून त्यांच्या टोकांवरून बोट फिरवायचं. सुरुवातीला बोट जवळजवळ आडवं जातं, मध्ये चढण लागते, शेवटी पुन्हा सपाटी. 'आलेखाचा चढ' हा शब्द पुढे आठवी-नववीत येतो. तो येईल तेव्हा या मुलांच्या बोटाला तो आधीच लागलेला असेल.

पुस्तक उघडायचं ते यानंतर. दर्यावर्दी लोक वापरतात तो ढोबळ नियम आता सांगायचा: एकूण चढाचे बारा भाग करा. पहिल्या तासात १, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ३, चौथ्यात ३, पाचव्यात २, सहाव्यात १. एकूण चढ १८० सेंटिमीटर असेल तर १५, ३०, ४५, ४५, ३०, १५. मुलं आपले आकडे शेजारी मांडतात. तंतोतंत जुळत नाहीत, कारण खाडीचं तोंड, वाळूचा दांडा, वारा हे सगळं त्यात असतं. पण आकार जुळतो. आणि 'का नाही जुळलं?' हा प्रश्न मुलांकडून येतो, मास्तरांकडून नाही.

या धड्यात इंद्रियांनी काय केलं, ते नीट बघायला हवं. 'करून शिकणं' म्हणजे मजेत शिकणं, असा एक गैरसमज रूढ झाला आहे. माझाही तो होता. पहिल्यांदा मी मुलांना खाडीवर घेऊन गेलो तेव्हा अंदाज विचारलाच नाही. काठी रोवली, आकडे घेतले, मुलं चिखलात खेळली, वडापाव खाल्ला, परत आलो. दुसऱ्या दिवशी 'काल काय कळलं?' असं विचारलं तर उत्तर आलं, 'मजा आली.' पाणी मध्ये भरभर चढतं, हे आकड्यांत असूनही कुणाला दिसलं नव्हतं. कारण त्यांनी आधी काही मानलंच नव्हतं, तर चुकल्याचं कळणार कसं? चूक सर्वस्वी माझी होती. हात गुंतले होते, मन मोकळंच राहिलं होतं. तेव्हापासून शिंपल्यांचे चौकोन काढल्याशिवाय मी कुठलीही काठी रोवली नाही.

म्हणजे क्रम असा लागतो: आधी अंदाज, मग हात, मग आपल्या भाषेत बोलणं, मग लिहिणं, आणि सर्वांत शेवटी पुस्तकातला शब्द. शब्द शेवटी यायचा, पण तो यायलाच हवा. तो आला नाही तर अनुभव खाडीवरच राहतो. 'सुकती' म्हणणाऱ्या मुलाला 'ओहोटी' देताना सुकती काढून घ्यायची नाही. दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी लिहायचे.

अलीकडे आणखी एक समजूत शिक्षकांच्या प्रशिक्षणांतून पसरली आहे. काही मुलं बघून शिकणारी, काही ऐकून, काही हाताने, आणि ज्याला त्याला त्याच्या पद्धतीने शिकवावं. मुलांची अशी वर्गवारी करून शिकवल्याने शिकणं सुधारतं, याला संशोधनात पुरेसा आधार मिळालेला नाही. इंद्रियं मुलागणिक वाटून द्यायची नसतात. ज्या गोष्टीला जे इंद्रिय लागतं, ते सगळ्या मुलांनी वापरायचं. खारटपणा सगळ्यांनीच जिभेने घ्यायचा आणि चढण सगळ्यांनीच बोटाने.

आता तो दोन भरतींचा प्रश्न. तो काठीने सुटत नाही, त्याला अंगण लागतं. तीन मुलं एका ओळीत, एकमेकांपासून एका हातावर उभी करायची. मधली मुलगी पृथ्वी. तिच्या पुढचा मुलगा म्हणजे चंद्राकडचं पाणी, मागचा म्हणजे पलीकडचं पाणी. समोर लांब एक जण चंद्र होऊन उभा. चंद्र तिघांनाही ओढतो, पण जवळच्याला जास्त, लांबच्याला कमी. म्हणून टाळी वाजली की पुढच्याने तीन पावलं पुढे टाकायची, पृथ्वीने दोन, मागच्याने एक. आणि थांबायचं. आता पृथ्वी झालेल्या मुलीने मान वळवून बघायचं. पुढचा तिच्यापासून लांब गेला आहे आणि मागचाही लांब राहिला आहे. पाणी दोन्ही बाजूंना फुगलं. मागच्या मुलाला कुणीही मागे ढकललेलं नाही, तो फक्त मागे पडला. पृथ्वी फिरते तेव्हा आपला किनारा या दोन्ही फुगवट्यांखालून जातो, म्हणून भरती दोनदा. चंद्रही दरम्यान थोडा पुढे सरकलेला असतो, म्हणून दोन भरतींमध्ये १२ तास नाही, सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात. मोठं माणूस पंधरा मिनिटं फळ्यावर बाण काढत बसेल, ते सहा पावलांत होतं. पृथ्वी झालेल्या मुलीच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे उमटतं, त्यासाठी मी हा धडा पुन्हा पुन्हा घेतला.

सगळ्या गोष्टींना खाडीवर जावं लागतं असं नाही. मोजमापाचा धडा वर्गातच होतो, दोरखंडाचं एक भेंडोळं पुरतं. मच्छीमार अजून दोर आणि पाण्याची खोली वावेने मोजतात. दोन्ही हात पसरले की या बोटापासून त्या बोटापर्यंत एक वाव. पाचवीच्या पोराने एकच दोर मोजला की समजा नऊ वाव भरतो, आणि रापणीवर जाणाऱ्या त्याच्या बापाने मोजला की सात. दोर तोच. 'खरं कोण?' या प्रश्नावर वर्ग तावातावाने भांडतो आणि त्या भांडणातून मीटरची गरज जन्माला येते. मीटर म्हणजे वरून आलेला हुकूम नाही, ते अशा भांडणावर काढलेलं उत्तर आहे. जाता जाता मुलांना आणखी एक सापडतं: आपली वाव आणि आपली उंची जवळजवळ सारखीच असते.

जिभेचा धडा जपून घ्यायचा. आचऱ्याच्या खाडीला कांदळवन आहे. त्यातल्या तिवराच्या झाडाची रीत अशी की मुळांतून आत आलेलं जादा मीठ ते पानांवाटे बाहेर टाकतं. कोरड्या दिवशी, पाऊस पडून गेलेला नसताना, पान उलटंसुलटं करून उन्हात धरलं की बारीक कण चमकताना दिसतात. शिक्षकाने झाड नक्की ओळखून, आधी स्वतः चाखून, मगच मुलांना त्या पानाला जिभेचं टोक लावू द्यायचं. आणि त्याच वेळी नियम सांगायचा: गुरुजींनी दिल्याशिवाय रानातलं काहीही तोंडात घालायचं नाही. 'खारट लागता!' हा ओरडा झाला की विचारायचं, 'मग शेजारच्या कांदळाचं पान चाखू. ते खारट लागेल?' पुन्हा अंदाज, पुन्हा शिंपले. कांदळ मीठ बऱ्याच अंशी मुळापाशीच अडवतो, त्याच्या पानावर असे कण सापडत नाहीत. एकाच चिखलात शेजारी उभी असलेली दोन झाडं, एकच अडचण, आणि दोन वेगळ्या तोडी. अनुकूलन हा अवघड शब्द इथे जिभेवरून आत जातो. चिप्पीची चिखलातून वर आलेली श्वासमुळं मुलांनी बोटाने दाबून बघावीत, आत कशी पोकळ, हलकी लागतात ते. पांढऱ्या चिप्पीला महाराष्ट्राने २०२० साली राज्य कांदळवृक्ष म्हणून घोषित केलं, हेही तिथेच सांगावं. झाडाला हात लावलेला असताना सांगितलेली माहिती राहते.

रसायनशास्त्रासाठी तर आपल्या स्वयंपाकघराइतकी चांगली प्रयोगशाळा नाही. दोन आमसुलं कोमट पाण्यात भिजवून लाल पाणी काढायचं. एका वाटीत लिंबू पिळायचं, दुसरीत खायचा सोडा चिमूटभर. लिंबाच्या वाटीतला रंग लालच राहतो, सोड्याच्या वाटीतला मरतो आणि काळपट जांभळा होतो. ज्या रंगाची सोलकढी मुलं रोज पितात, तो आम्ल आणि अल्कली ओळखतो, हे लिटमसच्या विकतच्या पट्टीने कधी पटत नाही. उरलेल्या लिंबाचे थेंब शिंपल्याच्या चुऱ्यावर टाका आणि कान जवळ न्या, बारीक फसफस ऐकू येते.

हे सगळं नवं नाही आणि बाहेरून आलेलंही नाही. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर माँटेसरी पद्धतीचं काम करून महाराष्ट्रात आल्या. माँटेसरीची साधनं सुरेख होती, इंद्रियांना एकेक करून जागं करणारी होती, पण महाग होती. १९४५ साली ताराबाई बोर्डीला गेल्या, तेही समुद्रकाठचंच गाव. तिथे त्यांनी आणि अनुताई वाघांनी किनाऱ्यावरचे शिंपले, खडे, बिया, पानं हीच साधनं केली. लहान-मोठं, गुळगुळीत-खरखरीत, जड-हलकं हे सगळं शिंपल्यांनी आणि दगडांनी शिकवता येतं. मुलं बालवाडीत येईनात तेव्हा त्यांनी बालवाडी मुलांच्या अंगणात नेली, आज देशभर रुळलेल्या 'अंगणवाडी' शब्दामागे ते काम आहे. १९५७ला कोसबाडच्या टेकडीवर गेल्यावर गुरं राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा चालवली. मूल जिथे आहे तिथून शाळा सुरू होते, हे त्यांनी करून दाखवलं. त्याआधी १९३७च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी हातच्या उद्योगातून शिक्षण मांडलं होतं, आणि पुढे १९८३ साली पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी विज्ञान आश्रम काढून माध्यमिक वयाच्या मुलांसाठी तीच वाट रुंद केली. आपल्या शिक्षकांच्या हातात एवढं घरचं धन असताना रंगीत प्लॅस्टिकच्या खोक्यांवर शाळेचा पैसा जावा, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आचऱ्याच्या शाळेकडे तर आणखी एक गोष्ट आहे जी फार थोड्या शाळांकडे असेल. दर तीन-चार वर्षांनी ग्रामदैवत रामेश्वराचा कौल झाला की गावपळण होते. अख्खं गाव गुराढोरांसकट, कोंबड्या-कुत्र्यांसकट तीन दिवस वेशीबाहेर राहुट्या टाकून राहतं. तिथे बघायला, मोजायला बरंच असतं: छपराचा उतार वाऱ्याच्या कुठल्या बाजूला ठेवला, चूल कुठे मांडली म्हणजे धूर आत येत नाही, एका घराला दिवसाला किती कळशा पाणी लागलं, उघड्यावर रात्री किती वाजता दव पडायला लागलं. घर म्हणजे काय, हे घर सोडल्यावरच मोजता येतं. गावपळण झाल्यावर मुलांना फक्त एवढं सांगायचं, की त्या तीन दिवसांतलं जे हाताने केलंत ते लिहा. असे निबंध मी दुसरीकडे कुठे वाचले नाहीत.

अडचणी आहेत. पाणी शाळेच्या वेळापत्रकाने चढत नाही, त्यामुळे एक दिवस मोडावा लागतो आणि त्यासाठी मुख्याध्यापकांना आधी पटवावं लागतं. कालवांच्या कडा पाय कापतात, म्हणून पायात जुने बूट हवेत. चढत्या पाण्यात मुलांनी उतरायचं नाही, एक मोठा माणूस फक्त मुलं मोजायला हवा. पावसाळ्यात खाडीकडे वळायचंच नाही, त्या दिवसांत आमसूल आणि वाव आहेत. पालकांना वाटतं, पोरं चिखलात खेळून आली. त्यावर उपाय एकच, पालकांनाच बोलवायचं. वाव मोजायला आलेला बाप पुढच्या वेळी स्वतः काठी रोवायला येतो.

काठीचा खरा धडा मात्र एका दिवसात संपत नाही. खाडीजवळ राहणाऱ्या मुलांनी पंधरा दिवस भरती पूर्ण झाल्याची वेळ लिहून आणायची. चार दिवसांत कळतं की ती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे जाते. मग जुन्या माणसांचा ठोकताळा काढायचा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. एकेकाळी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी घोकून घेत, त्यामुळे हा हिशेब तोंडावर व्हायचा. मुलांनी तो आपल्या आकड्यांशी ताडून बघावा. तेव्हा एक गंमत सापडते. पौर्णिमा पंधरावी, म्हणजे सव्वाअकरा. दुसऱ्या दिवशी प्रतिपदा पहिली, म्हणजे पाऊण. एरवी रोज पाऊण तास सरकणारी भरती त्या एका दिवशी दीड तास उडी मारते? पाणी उडी मारत नाही. मग कुठे चुकलं? आकडेमोड करता करता कुणीतरी पोहोचतंच: पाऊणऐवजी चार पंचमांश घेतलं तर पंधराव्याला बरोबर बारा येतात आणि उडी नाहीशी होते. पण चार पंचमांश तोंडी कोण करणार, होडीत उभं राहून? जुन्या लोकांनी थोडी चूक पत्करून सोपा आकडा निवडला होता, आणि पक्ष पालटला की तिथी पुन्हा एकपासून मोजल्यामुळे साठलेली चूक पुसली जात होती. सहावी-सातवीची मुलं हे शोधू शकतात. मी पाहिलं आहे.

एका वर्षी तरीही आकडे जमेनात. चार पंचमांश लावूनही आमच्या काठीवरची भरती हिशेबापेक्षा उशिरा पूर्ण होत होती, आणि रोजच. मला कारण ठाऊक होतं, पण मी बोललो नाही. एक मुलगी वही घेऊन आपल्या आजोबांकडे गेली. दुसऱ्या दिवशी तिने वर्गात उभं राहून त्यांचं उत्तर सांगितलं: 'आजो म्हणता, भायर भरला म्हणजे आत भरला असा नाय. पाण्याक आत येवक येळ लागता.' वर्ग थोडा वेळ शांत होता. मग मागच्या बाकावरून प्रश्न आला, किती वेळ लागतो?

त्या रविवारी दोन काठ्या रंगवल्या. एक खाडीच्या मुखाशी रोवली, दुसरी वर, जिथे पाणी जवळजवळ गोडं होतं तिथे. काठ्यांपाशी दोन गट बसले, घड्याळं जुळवून. रोवण्याआधी वाळूत चौकोन काढले होते, आणि शिंपले मुलांनी न सांगता आणले होते.